आधी बघ, कुठं जळलंय

सेलूत, जिंतूर नाक्याच्या आतल्या गल्लीत
माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
बावीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय.
गिऱ्हाईक येतं, खांद्यावरची मोटार धाडकन ठेवतं,
म्हणतं, गेली ही, भंगारात घाला.
मी म्हणतो, थांबा.
टेस्ट लॅम्प लावतो, एकेक टोक धरतो.
बऱ्याचदा एकच कॉइल जळालेली असते.
बाकी मोटार शाबूत,
फक्त जळकटाचा वास तिला सगळीकडनं लागलेला.

हे दुकानात कळतं.

घरी आठव्या दिवशी नळ येतो, रात्री तीनला.
घरची मोटार दोन महिने नुसती घूं घूं करायची,
पाणी ओढायची नाही.
"रविवारी बघतो" म्हणालो होतो.
असे आठ रविवार.
त्या रात्री सोजरनं एकवीस घागरी एकटीनं भरल्या.
सकाळी म्हणाली,
गावाच्या मोटारी नीट करता, घरची मेली तरी चालतंय.
खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.
मी म्हणालो, तुझं नेहमीचंच हे.

नेहमीचं!
त्या एका शब्दामागनं सगळी वरात आली.
तिच्या भावाच्या लग्नातला आहेर,
माझ्या आईचं पथ्यपाणी,
मानवतचा तो प्लॉट, जो आम्ही घेतलाच नव्हता.
पाणी कुठल्या कुठं राहिलं.

दोन दिवस बोलणं पोरीमार्फत.
"पप्पांना सांग, डबा भरलाय."
"मम्मीला सांग, दिसतोय."
पोरगी बारावीची. तिसऱ्या निरोपाला म्हणाली,
मी काय पोस्टमन आहे का?
आपापलं टपाल आपापलं टाका.

दुपारी अफरोजनं एका मोटारीचं झाकण काढलं.
उस्ताद, सगळीच भरायची का?
मी सवयीनं म्हणालो,
आधी बघ तरी, कुठं जळलंय.
आणि हातातला पाना हातातच राहिला.

संध्याकाळी ती हुलगे निवडत बसली होती.
मी समोर नाही, बाजूला बसलो.
एक मूठ माझ्याकडं ओढली.
विचारलं, नेमकं कुठं लागलं?

बराच वेळ नुसते खडे वाजले ताटात.
मग म्हणाली, पाण्याचं काही नाही.
पाणी जन्मभर भरलंय मी.
पंधराव्या घागरीला दारातनं हाक मारली,
तुम्ही जागे होता.
कूस बदललीत.

माझ्या जिभेवर "पण" आला.
पण दिवसभर दुकान, पण पाठ, पण तू तरी...
गालात सुपारी धरावी तसा धरून ठेवला.
परत आला, परत धरला.
तिसऱ्यांदा अर्धा सुटलाच.
तिनं हात थांबवून बघितलं.
मी म्हणालो, जागा होतो.
एवढंच. त्याला पुढं काही जोडलं नाही.
सोपं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

ताट निवडून झालं तेव्हा ती म्हणाली,
आईंपर्यंत मी जायला नको होतं.
आणि प्लॉटचं?
प्लॉटचं मात्र माझंच बरोबर आहे. ते रविवारी.
बरं, रविवारी. चहा झाल्यावर.

त्याच रात्री मोटार खोलली.
टॉर्च तिनं धरला.
सगळ्या कॉइल धड होत्या.
कपॅसिटर गेला होता नुसता.
आवाजावरनंच कळायला हवं होतं मला,
गिऱ्हाइकाची असती तर कळलं असतं.

किती रुपयांचा?
ऐंशी.
ऐंशी?
ऐंशी.

टॉर्चचा उजेड भिंतीवर हलायला लागला.
ती हसत होती की परत पेटली होती,
अंधारात चेहरा दिसेना.
पूर्वी मी अंदाज बांधला असता,
आणि त्या अंदाजाशीच भांडलो असतो.
विचारलं.